धुकं हटवल्यावर

नोव्हेंबर २०२१मध्ये रॉकस्टार कंपनीने 'ग्रँड थेफ्ट ऑटो'चे तीन जुने गेम नव्या रूपात बाजारात आणले. त्यातला 'सॅन अँड्रियास' मूळचा २००४चा. तीन शहरं, वाळवंट, जंगल, शिवाय माउंट चिलियाड नावाचा डोंगर. एवढा पसारा एकदम दाखवणं प्लेस्टेशन २ला झेपणारं नव्हतं, म्हणून दूरचं सगळं धूसर ठेवलेलं. नव्या आवृत्तीत ही धूसरता गेली आणि डोंगरावर उभं राहिलं की पार पलीकडची शहरंही दिसू लागली. जिथे गाडी हाकताना अख्खं राज्य पार केल्यासारखं वाटायचं, तो मुलूख केवढासा आहे ते उघडं पडलं. (सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून खेळणाऱ्या आपल्याकडच्या पोरांनाही तो अफाटच वाटला होता.)

धुकं ही तांत्रिक अडचण होती, हे खरं. पण कलाकृती एकदा उभी राहिली की अडचण कुठे संपते आणि हेतू कुठे सुरू होतो, हे सांगता येत नाही. १९९९च्या 'सायलेंट हिल'मधलं गाव धुक्यात बुडालेलं आहे, कारण पहिल्या प्लेस्टेशनला लांबचं चितारता येत नव्हतं. चार पावलांपुढे काय आहे ते न दिसणं, हीच मग त्या गेमची भीती झाली. त्याच्या दुसऱ्या भागाची २०१२ची सुधारित आवृत्ती करणाऱ्यांच्या हाती तर अंतिम कोडही नव्हता, तो जपलाच गेला नव्हता. अर्धवट कोडवरून काम उरकलं आणि धुकं इतकं विरळ झालं की जे झाकायचं तेच दिसू लागलं.

म्हणून मला धीट फेरबदलापेक्षा नम्र सफाईची धास्ती जास्त वाटते. कॅपकॉमने १९९८चा 'रेसिडेंट ईव्हिल २' २०१९मध्ये नव्याने केला तेव्हा कोपऱ्यात खिळलेला कॅमेरा काढून थेट पात्राच्या खांद्यामागे आणला. आवडो न आवडो, ही वेगळी कृती आहे हे कुणालाही कळतं. सफाई करणाऱ्याला मात्र आपण काही बदलतोय असं वाटतच नाही. 'सॅन अँड्रियास'मधल्या डोनटच्या एका दुकानावर भलामोठा षटकोनी नट होता, दुकानाच्या नावातल्या 'नट'वरची कोटी. नव्या आवृत्तीत त्याचे कोपरे घासले गेले आणि नुसतं गोल कडं उरलं. कोटी कुणाच्या लक्षातही आली नसावी.

तरीही फसलेली नवी आवृत्ती हे फार मोठं संकट नव्हे. खरा घोळ वेगळाच झाला. नवे गेम येण्याआधी कंपनीने जुने डिजिटल दुकानांतून काढून घेतले. ओरड झाल्यावर माफी मागितली आणि पीसीसाठी स्वतःच्या दुकानात ते परत ठेवले. २०२४च्या नोव्हेंबरात नव्या आवृत्तीत जुन्या प्रकाशयोजनेचा पर्यायही आला. हे सगळं मालकाच्या मर्जीने. कादंबरीची सुधारित आवृत्ती निघाली तरी आधीची प्रत ग्रंथालयाच्या कपाटात असते. डिजिटल गेमची विक्री थांबली की नव्या खेळाडूला मूळ गेम पाहण्याचा सरळ मार्ग उरत नाही.

मग जुनं टिकवण्याचं काम चाहत्यांवर येतं. काही जणांनी याच मालिकेतल्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो ३' आणि 'व्हाइस सिटी'चा कोड उलगडून पुन्हा लिहून काढला होता, आजच्या यंत्रांवर ते नीट चालावेत म्हणून. रॉकस्टारच्या मूळ कंपनीने, टेक-टूने, त्यांच्यावर खटला भरला, तोही २०२१मध्येच, नवी आवृत्ती येण्याच्या थोडं आधी.