तोल हरवलेले मांजर आणि अहिंसा

मांजराचा तोल आतील कान आणि लहान मेंदू सांभाळतात. कानाच्या खोल संसर्गाने मान कलते, डोळे थरथरतात, मांजर गोल फिरून कोलमडते. कारण न सापडणारा असाच विकार बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. गर्भातच पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या रोगाच्या विषाणूने लहान मेंदूची वाढ खुंटली, तर डगमग जन्मभर राहते. मात्र ती वाढत नाही आणि दुखतही नाही.

अशा जिवाला मरण द्यावे की सांभाळावे? जैन परंपरेत मांजर हा मन असलेला पंचेंद्रिय जीव आहे. ‘तत्त्वार्थसूत्र’ हा जैन ग्रंथ गृहस्थाच्या अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत, म्हणजे दोषांत, बांधणे, मारहाण आणि अन्नपाणी रोखणे यांची गणना करतो. त्या दृष्टीने व्यंग हे वधाचे कारण नव्हे. वाटीपर्यंत पोहोचू न शकणाऱ्या मांजराला उपाशी राहू देणे हाही दोषच.

म्हणून दयेला कृती हवी: पशुवैद्याकडून कानाची तपासणी, न घसरणारी सतरंजी, कमी काठाचे मलपात्र, जिना आणि विहिरीपासून राखण, मादीला गाभण राहण्यापूर्वी पॅनल्यूकोपेनियाची लस. कोंडून ठेवणे केवळ रक्षणापुरते असावे; सोयीसाठी घातलेले बंधन हिंसेतच मोडते.