विकण्याआधी, गाडीपाशी

थोडं थांबा.

गाडी उद्या जायची आहे. आज सकाळी ती अजून अंगणात आहे.

तिच्यासमोर बसा. ओट्यावर बसा, बाजेवर बसा, जे असेल त्यावर बसा.

आत्ता काही करायचं नाही. हातातलं फडकं खाली ठेवा. मोबाईल आत राहू द्या. किंमत ठरली आहे, इसार हातात आला आहे. तो भाग संपला.

आता फक्त बघा.

पौषातली सकाळ आहे. वैनगंगेवरून आलेलं धुकं अजून झाडांच्या शेंड्यांवर आहे. वडशाच्या स्टेशनात रेल्वे थांबते, आणि पुढे निघते. बल्लारशाकडे जाते की गोंदियाकडे, ते ओळखायची गरज नाही. तिचा आवाज दूर जाईपर्यंत ऐका.

एक श्वास घ्या. हवेत धानाच्या कोंड्याचा वास आहे. राईस मिल सुरू झाल्या आहेत.

श्वास सोडा.

गाडी समोर उभी आहे. नंबरपट्टीवर एमएच 33. गडचिरोलीची.

नजर वरून सुरू करू नका. खालून करा. चाकांपासून.

एक चाक बघा. मग दुसरं. मग उठून मागची दोन.

टायरच्या खाचांत माती आहे. वाकून जवळून बघा. बांधीतली माती करडी, पिवळट. जंगलातल्या वाटेवरचा मुरूम तांबूस. एकाच खाचेत दोन्ही बसले आहेत, थरावर थर.

ती माती काढू नका. अजून नाही.

हे चाक कुठे कुठे फिरलं, ते मनात येऊ द्या. आठवायचा प्रयत्न नको. येईल ते येऊ द्या.

रोवणीचे दिवस येतील. आकाश खाली उतरलेलं, बांध्या पाण्यानं भरलेल्या, हौद्यात पऱ्ह्याच्या पेंढ्या, आणि मागची दोन चाकं जागच्या जागी फिरतायत. चिखल उडतोय. गाडी हलत नाही.

मग तुमचा हात फोर बाय फोरच्या त्या लहान दांडीकडे जातो.

पुढची चाकंही कामाला लागतात. गाडी एकदा थरथरते आणि हळूच वर येते.

त्या क्षणापाशी थोडं थांबा. तो तुमच्या हाताला माहीत आहे. खांद्यालाही माहीत आहे.

श्वास घ्या. सोडा.

आता खाली बसा. अगदी जमिनीवर. गाडीच्या पोटाखाली बघा.

इथे सहसा कोणी बघत नाही. म्हणून इथे जास्त वेळ थांबू या.

चॅसीसवर गंज आहे का? कुठे आहे? बोट लावा. वरवरचा गंज बोटाला लागतो आणि खाली लोखंड टणक असतं. खोल गेलेला गंज पापुद्र्यानं सुटतो. तुमच्या बोटाला फरक कळेल. डोळे मिटले तरी कळेल.

पाट्यांकडे बघा. एखादं पान तडकलं आहे का? कुठे तेलाचा ओला डाग आहे का? घाई नाही.

2020 च्या ऑगस्टच्या शेवटी गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले आणि वैनगंगा ब्रह्मपुरीकडे, वडशाकडे, आरमोरीकडे गावांत शिरली. घरं पाण्यात होती. गाड्या पाण्यात होत्या. पाणी ओसरलं, गाड्या धुतल्या गेल्या, बाहेरून चकचकीत झाल्या. पण पुराचा गाळ फार बारीक असतो. तो सीटच्या पट्टीखाली राहतो, दिव्यांच्या मागे राहतो, वायरींच्या जुडग्यात राहतो.

तुमची गाडी तेव्हा कुठे उभी होती?

सीटच्या पट्टीखाली बोट घाला. बोट बाहेर काढून बघा.

जे दिसेल ते दिसू द्या. त्याच्याशी भांडू नका. फक्त लक्षात ठेवा.

आता हौद्याकडे या.

फाळका खाली पाडा. त्याचा तो ओळखीचा आवाज होतो. तो विरेपर्यंत थांबा.

हौद्याच्या पत्र्यावर ओरखडे आहेत. लांब, सरळ ओरखडे बांबूचे. कोपऱ्यातला खोलगट पोचा कशाचा, ते तुम्हालाच माहीत. धानाच्या कट्ट्यांनी पत्रा एका जागी गुळगुळीत झाला आहे. तिथे तळहात ठेवा. थंड आहे. तळहाताची ऊब त्यात जाऊ द्या.

दिवाळीपासून होळीपर्यंत वडशातून रोज संध्याकाळी गाड्या निघतात. नाटकाच्या कंपन्या इथल्या, पडदे इथले, ऑर्गन आणि तबला इथून चढतो, आणि झाडीपट्टीतल्या कुठल्याशा गावात रात्रभर नाटक चालतं. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा वडशापासून कुरखेड्यापर्यंत माणसांना आपल्याच घरात मान आल्यासारखं वाटलं. तुमच्या हौद्यात कधी पडद्यांची गुंडाळी होती का? पहाटे परत येताना तिच्यावर कोणी झोपलं होतं का?

असेल तर त्यालाही इथे थोडी जागा द्या.

मग फाळका लावा. हळू.

दार उघडा. आत बसा. किल्ली अजून लावू नका.

स्टिअरिंगवर हात ठेवा. जिथे तुमचे हात नेहमी असतात, तिथला रंग गेला आहे.

बसल्या जागेवरून काचेबाहेर बघा. धुक्यात लिंबाचं झाड दिसतं, कुंपण दिसतं.

आता लहान दांडीवर हात ठेवा. फोर बाय फोरची दांडी. तिच्या मुठीवरची खूण पुसट झाली आहे.

ही जोडणी ओल्या, मोकळ्या जमिनीसाठी आहे. कोरड्या डांबरावर ती लावून ठेवायची नसते. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखल त्यांना थोडं घसरू देतो. डांबर देत नाही. मग सगळा ताण आतल्या दात्यांवर येतो, शाफ्टच्या क्रॉसवर येतो.

तुम्ही कधी ती लावून डांबरावर बरंच अंतर गेला होतात का?

उत्तर मोठ्यानं द्यायचं नाही. आतल्या आत ऐका.

श्वास घ्या. सोडा. पुन्हा एकदा.

आता किल्ली लावा. गाडी रात्रभर उभी होती, इंजिन पूर्ण थंड आहे. याच वेळी ते खरं बोलतं. तापलेल्या इंजिनात बरंच काही झाकलं जातं.

सुरू करा. ॲक्सिलरेटरला पाय लावू नका.

ऐका.

पहिल्यांदा सगळा आवाज एकच वाटतो. थांबा. थोड्या वेळानं तो उलगडतो. खाली एक जड ठोका आहे. त्याच्यावर एक पातळ, सलग घरघर. कुठेतरी पत्रा किणकिणतो. आणि या सगळ्यात एखादा आवाज असा असतो, जो दोन पावसाळ्यांपूर्वी नव्हता.

तो सापडला का? त्याच्यापाशी राहा.

आरशातून मागे बघा. धूर कसा आहे? थंडीतली पांढरी वाफ निघते आणि विरते, ती वेगळी. पांढरा धूर गाडी तापल्यावरही येत राहिला तर आतलं पाणी जळतंय. निळसर असेल तर ऑईल. काळा असेल तर डिझेल नीट जळत नाही.

बघत राहा. आज तुम्ही तुमच्या गाडीसाठी मिस्त्री नाही, मालकही नाही. ऐकणारे आहात.

इंजिन बंद करा.

बंद झाल्यानंतरची शांतता ऐका. चिमण्या ऐकू येतात. मिलचा पट्टा ऐकू येतो.

या शांततेत आता तो माणूस येऊ द्या, जो उद्या गाडी न्यायला येणार आहे.

त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणा. तो कुरखेड्याच्या पलीकडचा असेल, कोरचीकडचा असेल. धान विकून आलेले पैसे त्यानं मोजून ठेवले आहेत. आता त्या पैशांकडे बघू नका. त्याच्या रात्रीकडे बघा.

पाऊस आहे. नाल्याच्या रपट्यावर पाणी आहे. मागे हौद्यात ताडपत्रीखाली कोणीतरी कण्हतंय, आणि त्याला वडशाच्या दवाखान्यात पोहोचायचं आहे. दोन्ही बाजूंना जंगल. इथे वाघ आहे, आणि 2021 पासून छत्तीसगडकडून आलेल्या हत्तींचा वावरही आहे. या वाटेवर गाडी बंद पडली तर उतरून मदत शोधायला जाता येत नाही.

त्याचा हात त्या लहान दांडीकडे जातो. तुमचा जायचा तसाच.

इथे थांबा.

बैलबाजारात जुनी माणसं बैलाची खोड आधी सांगायची. मारका असेल तर मारका, बसका असेल तर बसका. गाडीचंही तसंच असावं.

मघाशी जे बोटाला लागलं, जे कानाला लागलं, ते सगळं आता एकेक करून मनात आणा. गंज. गाळ. तो नवा आवाज. तेलाचा डाग. डांबरावरचं ते अंतर. प्रत्येकापाशी एक श्वास थांबा.

आणि मग ते साध्या शब्दांत जुळवा, जसे उद्या त्याला सांगणार आहात. ‘दादा, थंडीत सुरू होताना असा आवाज येतो.’ एवढंच. वाक्य ओठांवर येऊ द्या. जड वाटलं तर जड वाटू द्या. पुन्हा म्हणा.

मला वाटतं, विकण्याआधी गाडीच्या पोटाला काळा रंग मारू नये. धुवावी जरूर. टायरच्या खाचांतली माती आता काढायला हरकत नाही. पण गंज त्याला त्याच्या डोळ्यांनी दिसू द्यावा.

एक शेवटची गोष्ट बघायची आहे. घरात जा आणि आरसी घेऊन या.

तिच्यावरचं नाव वाचा. तुमचं नाव. सावकाश, अक्षर अक्षर.

गाडी उद्या जाईल. हे नाव आपोआप जात नाही. कर्जाचा बोजा फिटला असला तरी नोंदीतून तो वेगळा उतरवावा लागतो. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं होतं. गाडी हातोहात विकली गेली होती, चालवणारा कोणी तिसराच होता, अपघातात एक जीव गेला. नोंदीत नाव मात्र पहिल्याच माणसाचं. न्यायालयानं भरपाईची जबाबदारी त्या नोंदीतल्या नावावर ठेवली.

नावाकडे बघत एक श्वास घ्या. हे नाव अजून त्या रपट्यावर, त्या रात्री, त्या माणसासोबत आहे. विमाही याच नावानं आहे. कागद बदलले नाहीत, तर अडचणीच्या वेळी तो विमा मागायला त्या माणसाला तुमचं दार ठोठावावं लागेल.

श्वास सोडा. उठा.

उद्या किल्ली देताना फॉर्म 29 आणि फॉर्म 30 वरच्या सह्या तिथेच उरका. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 50 प्रमाणे विक्रीची खबर 14 दिवसांच्या आत आरटीओला द्यायची असते, आणि ती द्यायचं काम विकणाऱ्याचं आहे. घेणाऱ्यावर सोडू नका. स्वतः द्या, आणि पोच घरात जपून ठेवा.