प्रयोगवहीतील साक्ष

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण संध्याकाळच्या मिस्सानंतर आम्हांला भेटावयास आला. भौतिकशास्त्र घेऊन तो बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे. त्याचा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक होता. "फादर, प्रॅक्टिकलमध्ये उत्तर जुळावे म्हणून आम्ही रीडिंग थोडे बदलतो. सगळेच बदलतात. खरे उत्तर तर पुस्तकात छापलेलेच असते. मग खरे तेच लिहिले, तर त्यात खोटे काय?"

आम्ही त्याला तत्काळ उत्तर दिले नाही. सेमिनरीत जाण्यापूर्वी मुंबईतील एका महाविद्यालयात आम्हीही हाच विषय शिकलो आहोत, आणि त्याने कबूल केलेला अपराध आमच्याही हातून घडला आहे.

प्रयोग साध्या दोलकाचा होता. दोऱ्याला टांगलेला पितळी गोळा हलकेच सोडायचा, वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा आणि त्यावरून पृथ्वीचे गुरुत्वत्वरण काढायचे. दोरा १०० सेंटिमीटर लांब होता. स्टॉपवॉचने ४०.४ सेकंद दाखवले. आकडेमोड केली, तर उत्तर ९६७ आले. पुस्तकात ९८० होते, शेजारच्या टेबलावरही ९८०. जोडीदाराने आमच्याकडे पाहिले, आम्ही त्याच्याकडे, आणि खोडरबर पुढे सरकले. ४०.४ चे ४०.१ झाले. उत्तर ९८२ आले आणि जर्नलवर सही मिळाली.

पुढच्या वर्षी एका कनिष्ठ विद्यार्थ्याला तोच प्रयोग समजावून सांगताना आम्ही मध्येच थबकलो. दोलकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजावयाची असते. आम्ही ती गोळ्याच्या माथ्यापर्यंतच धरली होती. व्हर्निअरने मोजलेला गोळ्याचा व्यास, २.२ सेंटिमीटर, त्याच पानावर लिहिलेला होता. त्याचा निम्मा भाग लांबीत मिळवून, खोडलेलेच ४०.४ सेकंद घेऊन पुन्हा गणित केले. उत्तर ९७८ आले.

आणि ९८० हे तरी मुंबईचे सत्य होते काय? पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्तापाशी किंचित फुगलेली आहे. त्यामुळे हे मूल्य विषुववृत्तावर सुमारे ९७८.० तर ध्रुवांवर सुमारे ९८३.२ असते. १९०१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने ९८०.६६५ हा आकडा व्यवहारासाठी प्रमाण म्हणून ठरवून दिला. प्रत्येक गावी तोच मिळेल असे काही ठरवले नाही. मुंबईत हे मूल्य सुमारे ९७८.६ आहे. आमचे ९७८ इतके जवळ आले, यात नशिबाचाही वाटा होता. हाताने चालवलेल्या स्टॉपवॉचमध्ये एक दशांश सेकंदाची चूक सहज होते, आणि तेवढ्याने उत्तर पाचएक अंकांनी हलते. म्हणून प्रामाणिक विद्यार्थ्याने '९७८, अधिक-उणे ५' असेच लिहावयास हवे.

वाचकहो, येथे काय घडले ते नीट पाहावे. दोष लांबीचा होता, आणि शिक्षा आम्ही वेळेला दिली. जे एकमेव वाचन निर्दोष होते, तेच आम्ही खोडले. ९६७ हा आकडा आमचा वैरी नव्हता. 'तुमचे काहीतरी चुकले आहे, शोधा' असे सांगणारा तो मित्र होता. आम्ही त्याचे तोंड बंद केले. खोटेपणाने केवळ सत्य झाकले जाते असे नाही. आपली चूक सापडण्याची वाटही बुजते. पापनिवेदन ऐकताना आम्हांला हे वारंवार जाणवले आहे. माणूस दोषाची कबुली देतो, परंतु पुष्कळदा भलत्याच रकान्यात.

'खरे उत्तर लिहिले तर खोटे कसे?' या प्रश्नाचे उत्तर आमच्या मते येथेच आहे. प्रयोगवही ही साक्ष असते. न्यायालय साक्षीदाराला निकाल विचारीत नाही. त्याने काय पाहिले ते विचारते. आरोपी खरोखरच अपराधी असला, तरी न पाहिलेले पाहिले म्हणणारा खोटीच साक्ष देतो. आठव्या आज्ञेचा रोख नेमका यावर आहे. वाचनाच्या रकान्याचा अर्थ 'मी हे पाहिले' एवढाच असतो.

हा दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही. रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या सूक्ष्म थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युत्भार मोजला. १९२३ सालच्या नोबेल पारितोषिकामागे हे कार्यही होते. परंतु हवेच्या श्यानतेचा त्यांनी वापरलेला आकडा थोडा चुकला होता, म्हणून त्यांचे उत्तर किंचित कमी आले. १९७४ साली कॅल्टेकच्या विद्यार्थ्यांपुढे बोलताना रिचर्ड फाइनमन यांनी या प्रयोगानंतरची कथा सांगितली. त्यांच्या म्हणण्यानुसार, पुढच्या संशोधकांची उत्तरे एकदम योग्य आकड्यावर न जाता हळूहळू वर सरकत गेली. उत्तर मिलिकनपेक्षा फार मोठे आले, की ते आपलीच चूक शोधीत. जवळपास आले, की तितक्या कसोशीने शोधीत नसत. कोणी खोडरबर उचलले नव्हते. मोठ्या नावाच्या धाकाने केवळ तपासणीचा तराजू एका बाजूस कलला होता.

तरुणाने अखेर विचारले, "पण फादर, मार्क गेले तर?" हा प्रश्न खरा आहे. ज्या परीक्षेत जुळलेल्या उत्तराला गुण मिळतात आणि प्रामाणिक विसंगतीला मिळत नाहीत, ती परीक्षा मुलांना खोटे बोलण्यास शिकवते. त्या पापाचा वाटा आम्हां वडीलधाऱ्यांच्याही पदरी आहे. गुण जाणार नाहीत, असे आश्वासन आम्ही देऊ शकलो नाही. इतकेच सांगितले, "बाळा, पाहिलेस ते लिही. उत्तर जुळले नाही, तर कारण शोध. सापडले नाही, तर 'सापडले नाही' असे लिही. सत्याची आपली ओळख बहुधा अशाच न जुळणाऱ्या आकड्यापासून सुरू होते."

तो काही न बोलता निघून गेला. त्याने काय लिहिले, ते आम्ही विचारलेले नाही. ते त्याच्या आणि त्याच्या वहीच्या दरम्यानचे आहे. आमच्या वहीत मात्र तो खोडलेला ४०.४ अजून अंधुक दिसतो.