दिसतं तसं नसतं, पण ते खोटं असतं का?

‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतोय. आज तिच्यापाशी जरा थांबूया. समोरच्याच्या डोळ्यांना मुद्दाम फसवणं, हे खोटं बोलणंच झालं का?

इटलीच्या काही चित्रकारांनी हा प्रश्न थेट रंगांतून उभा केला. याकोपो दे बार्बारी हा मूळचा व्हेनिसकडचा, पुढे जर्मन राजदरबारी गेलेला चित्रकार. १५०४ साली त्याने लाकडी फळीवर एक छोटं चित्र रंगवलं. ते आज म्युनिकच्या आल्टे पिनाकोटेक संग्रहालयात आहे. भिंतीवर एक मेलेला तितर टांगलाय, सोबत लोखंडी हातमोजे आणि एक बाण. बस, एवढंच. पण सावल्या अशा पडल्यात, की हात लावून बघावंसं वाटतं. अशा चित्रांना फ्रेंचमध्ये ‘त्रॉम्प लॉय’ म्हणतात, म्हणजे डोळ्यांना फसवणारं.

आता खाली उजवीकडे बघा. घड्या पडलेला कागदाचा चिटोरा चिकटवल्यासारखा दिसतो. त्यावर चित्रकाराचं नाव आणि साल आहे. तो चिटोराही रंगवलेलाच! म्हणजे ज्या हाताने फसवलं, त्याच हाताने लिहून ठेवलं की हे मी केलंय.

तरी कुणी म्हणेल, क्षणभर का होईना, माणूस फसला ना? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘गंमत केली रे’ म्हणत आपणही कितीतरी खोटं खपवतो.

या चित्राच्या अकराशे वर्षं आधी संत ऑगस्टीन मिलानजवळच्या एका घरात राहत होते. तिथे त्यांनी स्वतःच्याच विवेकाशी केलेला संवाद लिहिला. त्यात हा पेच येतो. ते म्हणतात त्याचा आशय असा: चित्रातला घोडा खोटा आहे, म्हणूनच ते चित्र खरं चित्र आहे. आणि नाटकं, विनोद यांत खोटं असलं तरी त्यांना आनंद द्यायचा असतो, फसवायचं नसतं.

मला वाटतं, नुसत्या हेतूवर भागत नाही. आपला हेतू चांगला, असं प्रत्येकालाच वाटतं. म्हणून दुसरा प्रश्न विचारूया: खरं कळलं, की कोण हरतं? बार्बारीचा तितर खराच समजून माणूस पुढे निघून गेला, तर चित्रकार हरला. दाद कोण देणार? त्याला तुम्ही फसायला हवे आहात, पण लगेच जागे व्हायलाही हवे आहात. खोटं बोलणाऱ्याचं उलट असतं. तुम्ही जागे झालात की तो संपला.

अजून एक चित्र बघा. मिलानच्या अँब्रोसियानात काराव्हाज्जोची फळांची टोपली आहे. १६०० च्या आसपासची. कार्डिनल फेडेरिको बोरोमेओ यांच्या संग्रहातली. टोपलीचा तळ कडेबाहेर थोडासा आलाय, जणू आत्ता आपल्या अंगावर येईल. एवढं कसब असलेल्या माणसाला निर्दोष फळं रंगवणं काय अवघड होतं? पण समोरच्याच सफरचंदाला कीड लागलीय, पानं वाळून गुंडाळलीत. भास रचतानाही त्याने फळाबद्दलचं खरं लपवलं नाही.

आता आपला मोबाइल उघडूया. फिल्टर लावला म्हणून फोटो पाप ठरत नाही. चार मित्रांना दिसतंय की ही मजा आहे, तर ती मजाच. पण तोच फोटो लग्नाच्या स्थळाला पाठवताना, किंवा न केलेलं काम बायोडेटात लिहिताना, आपल्या मनात काय असतं? समोरच्याला कधीच कळू नये, हेच ना? तिथे चिटोरा गायब असतो आणि किडलेलं सफरचंद टोपलीच्या मागे सरकवलेलं असतं. आणि फसलेला माणूस नुसता चित्राकडे बघून पुढे जात नाही. तो त्या भरवशावर आयुष्याचे निर्णय घेतो.

म्हणून आज काहीही पोस्ट करण्याआधी, सांगण्याआधी स्वतःला एवढंच विचारूया: हे उद्या उघड झालं, तर मी समोरच्यासोबत हसू शकेन का? उत्तर ‘हो’ असेल, तर खुशाल रंगवा. ‘नाही’ असेल, तर ब्रश खाली ठेवलेला बरा.