लाइन

इंग्रजांचे राज्य गेले. पण त्यांचे काही शब्द आपल्या घरी असे रुळले की, ते कधीकाळी पाहुणे होते हे कोणाला आठवतही नाही. ‘लाइन’ हा त्यांतलाच. त्याचे मूळ लॅटिन. अर्थ, जवसाच्या सुताचा धागा. आम्ही वऱ्हाडकरांनी जवसाची चटणी केली, रोमनांनी दोरा काढला!

त्या एका दोऱ्यात केळापुरात आम्ही किती अर्थ ओवले आहेत! रेशनच्या दुकानापुढे लाइन असते. पोलिसांची वस्ती ती लाइन. पोरगा कामधंद्याला लागला की ‘लाइनीला लागला’. तोच कोणावर लाइन मारीत असेल, तर ते आम्ही मास्तरांनी ऐकायचे नसते. आणि वीजही लाइनच : लाइन आली, लाइन गेली.

शाळेत प्रार्थनेला मुलांना लाइनीत उभे करणे हे माझे काम. २०१७ सालच्या हिवाळ्यात एक मुलगा रोज उशिरा येई. कारण विचारले तर म्हणाला, “लाइन होती, गुरुजी.” इतक्या सकाळी कसली लाइन? मला ती थाप वाटली. मी त्याला बाहेर उभे केले. तो उभ्या उभ्या पेंगू लागला, तेव्हा त्याच्या पायांकडे लक्ष गेले. गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला होता.

शेतीपंपाची वीज पाळीने येते. रात्रीची पाळी असली की बाप मोटार लावी नि पोर हरभऱ्याला पाणी फिरवी. पांढरकवड्याच्या रानात तेव्हा टी-१ वाघिणीची दहशत होती. ती पुढे २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारली गेली. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनी योजना २०१७ सालीच निघाली होती. सरकारी कागदावर लाइनला ‘वाहिनी’ म्हणतात. पोराच्या रात्री मात्र लाइनीतच जात होत्या.

नियम सर्वांना सारखा, याचा मला अभिमान होता. पण लाइनीत सारखे उभे राहणारे सारखी रात्र काढून आलेले नसतात. शब्दाचे सारे अर्थ मला ठाऊक होते. त्यांतला माझ्या सोयीचा तेवढा मी घेतला. ही चूक भाषेची म्हणावी की नीतीची? मला तरी दुसरीच वाटते.

त्या मुलाची क्षमा मागणे मला जमले नाही. मास्तरकी आडवी आली. प्रार्थनेची लाइन मी अजूनही लावतो. कोणी उशिरा आला की आधी एवढेच विचारतो : “कोणती लाइन होती, बाळ?”