लाल टॅग

दिघीत परांडेनगरच्या बाजूला एका तीन मजली इमारतीत आई, ताई आणि धाकटा असं तिघांचं घर आहे. ताई भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेसशॉपचं स्टोअर सांभाळते. धाकटा चाकणला सीएनसी मशीनवर असतो. घर दोन खोल्यांचं. माळ्यावर पिंप, गणपतीची मखरं, पाहुण्यांच्या गाद्या, आणि त्यापलीकडे जेमतेम एक सुटकेस मावेल एवढी जागा. ही जागा लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच सुरू झालं.

धाकट्यानं २०१५ सालची पोलो जीटी टीएसआय जुनी म्हणून घेतली. ही गाडी याच पट्ट्यातली. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ साली सुरू झाला, पुढच्या वर्षी पोलो आली आणि २०१३ मध्ये ही जीटी टीएसआय. इंजिन अवघं १.२ लिटरचं, पण टर्बो. १०५ पीएस ताकद, १७५ एनएम टॉर्क, सात गिअरचा डीएसजी. भारतात पोलो २०२२ मध्ये बंद झाली आणि चांगल्या ठेवलेल्या जीटीला मागणी वाढली. नाशिक हायवेला मोशीच्या पुढे मोकळा रस्ता मिळाला की ही गाडी काय करते, ते धाकट्यानं मित्राच्या गाडीत बसून पाहिलं होतं. तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. हौस अशीच असावी, तिला नावं ठेवण्याचं काही कारण नाही.

२०२४ च्या दिवाळीचा बोनस हातात आला आणि गाडी गॅरेजला गेली. इंजिनाच्या कॉम्प्युटरचा रीमॅप झाला, मोठा एअर इनटेक आला, लोअरिंग स्प्रिंगांनी गाडी खाली बसली, पंधरा इंची व्हील जाऊन सतरा इंची आली. टर्बोच्या मागचा डाउनपाइपही बदलला; नव्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नव्हता, सरळ स्टेनलेस स्टीलची नळी. गॅरेजवाल्यानं जुने पार्ट एका गोणीत आणि दोन खोक्यांत भरून दिले. चार जुनी व्हील वेगळी. हे सगळं तिसऱ्या मजल्यावर आलं आणि आईनं पहिला प्रश्न विचारला, "हे झोपणार कुठं?"

मित्रांमध्ये दोन तट पडले. एक म्हणाला, सगळं विकून टाक, आत्ता भाव आहे, पुढच्या कामाला पैसे होतील. दुसरा म्हणाला, एक नटसुद्धा विकू नकोस. गाडी विकायची वेळ आली की गिऱ्हाईक पहिलं विचारतं, स्टॉक पार्ट आहेत का? दोघांचंही खरं होतं. परदेशातही जुन्या पोर्शे किंवा बीएमडब्ल्यू एम थ्रीला किंमत येते ती कारखान्यातून निघाली तशी राहिलेल्या गाडीला, आणि बदलांसह मूळ भागांचं खोकं मिळालं तर घेणारा निर्धास्त असतो. आपल्याकडे तर कायदाही तेच म्हणतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्यानं ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. म्हणजे मूळ भाग नुसती आठवण म्हणून जपायचे नसतात. गाडी पुन्हा नियमात आणायची तर लागतात तेच.

गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी. ताईनं खोकी हॉलमध्ये ओतली आणि जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून टॅग केले. हिरवे, पिवळे, लाल. तिच्या कंपनीत हेच रंग चालतात: हिरवा म्हणजे ओके, पिवळा म्हणजे होल्ड, लाल म्हणजे रिजेक्शन. लाल टॅगच्या मालाचा एक नियम आहे आणि त्यात हयगय चालत नाही. तो माल तोडतात, कापतात, नाहीतर त्यावर ओरखडा मारतात, म्हणजे चुकूनही कुणी तो परत लाइनला लावू शकत नाही.

"जागा एका सुटकेसची आहे," ती म्हणाली. "एकेक उचल आणि सांग. हे परत बाजारात मिळेल? आणि नाही मिळालं तर गाडी अडेल?"

एअरबॉक्स उचलला. प्लास्टिकच्या लॉकची एक पाकळी तुटली की अख्खा बॉक्स नवा घ्यावा लागतो. हिरवा. फॅक्टरीचा एअर फिल्टर कुठंही मिळतो, तो धाकट्याच्या मित्राला लगेच दिला. पुढच्या स्प्रिंगांवर डावी-उजवी खूण केली, हलका तेलाचा हात फिरवला, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळी बांधली. स्प्रिंगांबरोबर आलेले काही बोल्ट तिनं बाजूला काढले.

"हे कुठले?"

"स्ट्रटचे. एकदाच ताणायचे असतात. परत बसवताना नवेच घ्यावे लागतात."

"मग हे ठेवून तू स्वतःलाच फसवशील. लाल." तिनं पक्कड घेऊन त्यांची टोकं दाबली आणि भंगाराच्या डब्यात टाकले. रबराचे फुटलेले बंपस्टॉपही त्याच डब्यात. राहिलेले बोल्ट, वॉशर, क्लिपा वेगवेगळ्या पिशव्यांत गेल्या आणि प्रत्येकीवर मार्करनं लिहिलं, कुठून काढलं, किती नग. जुनी व्हील पलंगाखाली आडवी बसली. मी अनेक घरांत मूळ पार्ट जपलेले पाहिलेत. बहुतेकांकडे पार्ट असतात आणि ते बसवायच्या क्लिपा नसतात. तसं ठेवणं आणि भंगारात देणं यात फारसा फरक उरत नाही.

यादी तपासताना ताई एका ओळीवर थांबली. "डाउनपाइप लिहिलाय. तो कुठंय?"

"तो दिला. कुदळवाडीला, भंगारात."

"कितीला?"

"नऊ हजार."

ताईनं पेन खाली ठेवलं. "जळका, काळा पडलेला पाइप. फिल्टरला कुणी शंभर देईना, आणि याला नऊ हजार? का दिले, विचारलंस?"

"आत प्लॅटिनम असतं. तो माणूस वरचा नंबर बघूनच भाव सांगतो."

ताई काही बोलली नाही. कार्डावर त्या ओळीपुढे तिनं एवढंच लिहिलं: इश्यू, परत येणे बाकी.

ती गोष्ट तिथं संपली असती. गाडी पळत होती आणि एक्झॉस्टला हवा तसा खर्ज आला होता. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवाही लागत नव्हता, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. या गाड्यांत दोन ऑक्सिजन सेन्सर असतात, एक कन्व्हर्टरच्या आधी आणि एक नंतर. मागच्याचं मुख्य काम: कन्व्हर्टर काम करतोय का ते पाहायचं, नसेल तर दिवा लावायचा. रीमॅपमध्ये तो सेन्सर बंद केला होता. जो तक्रार करणार होता त्याचं तोंडच बांधलं होतं.

२०२५ मध्ये माउलींची पालखी १९ जूनला आळंदीहून निघाली आणि दुसऱ्या दिवशी पुण्याकडे चालली. ती वाट दिघीवरून, मॅगझिन चौकातून जाते. पहाटेपासून दिंड्यांची रीघ लागते. सोसायटी दरवर्षी पार्किंगमध्ये वारकऱ्यांना चहा-पोहे देते. रस्ता बंद, त्यामुळे गाड्या बाहेर नेता येत नव्हत्या. कोपऱ्यात सरकवून जागा करायची एवढंच. धाकट्यानं पोलो सुरू केली, पण मागची स्कूटर कुणाची ते कळेना. किल्ली येईपर्यंत गाडी तशीच चालू राहिली. वर स्लॅब, तीन बाजूंना भिंती, आणि चौथ्या बाजूला पोह्यांच्या रांगेत बसलेल्या बायका.

धूर दिसत नव्हता. पण डिक्कीच्या मागे बसलेल्या एका म्हातारीनं डोक्यावरची तुळस उतरवून मांडीवर घेतली, पदर नाकाला लावला, आणि खोकल्याची उबळ थांबली तशी धाकट्याकडे पाहून म्हणाली, "माउली, गाडी आजारी हाय का तुमची? डोळ्याला झोंबतंय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिनं खरोखरच काळजीनं विचारलं होतं. धाकट्यानं इंजिन बंद केलं आणि स्कूटर उचलून बाजूला ठेवली, गाडी ढकलत कोपऱ्यात नेली. मग तो त्या बायकांना पोहे वाढत राहिला, पण त्याचं लक्ष पोह्यांत नव्हतं.

संध्याकाळी त्यानं ताईला विचारलं, तेव्हा ती म्हणाली की तिची कंपनी एक्झॉस्टच्या हीट शील्ड दाबते, म्हणून तिला थोडं माहीत आहे. कन्व्हर्टरच्या आत मधमाशीच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो. इंजिनातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं त्या जाळीतून जाताना कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साधा नायट्रोजन होऊन बाहेर पडतात. जाळी तापल्यावरच पूर्ण काम करते, म्हणून गार इंजिनाला थोडा वास येतोच. पण जाळीच नसेल तर गाडी दिवसभर तशीच ओकत राहते. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आणावं लागलं, कारण शिशानं ती जाळी निकामी होते. एका जळक्या पाइपासाठी देशानं इंधन बदललं होतं.

"स्प्रिंगा तुझ्या पाठीसाठी होत्या," ताई म्हणाली. "व्हील तुझ्या टायरसाठी. ते तू विक नाहीतर ठेव, तुझा हिशेब. हा एकच पार्ट असा होता की तो तुझ्यासाठी काहीच करत नव्हता. मागे जो असेल त्याच्यासाठी करत होता. आणि विकायला तुला पहिला तोच सापडला."

पुढच्या गुरुवारी धाकटा कुदळवाडीला गेला. फेब्रुवारीत महापालिकेनं तिथल्या भंगाराच्या गोदामांवर बुलडोझर चालवले होते. हजारो पत्र्याचे शेड आडवे झाले होते. त्याला ते ऐकून माहीत होतं, तरी गेला. जिथं त्यानं नऊ हजार मोजून घेतले होते तिथं विटांचे तुकडे आणि उघडं मैदान. खरं तर शेड उभं असतं तरी पाइप मिळाला नसता. असे कन्व्हर्टर थोडेच तसे ठेवतात? कापून जाळी काढतात, ती धातू गाळायला जाते.

पीयूसीची तारीख जुलैत संपत होती. बीएस-फोर पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. मीटर १ च्या वर गेला. एकानं सुचवलं की थोडे जास्त पैसे दिले तर नळी दुसऱ्या गाडीत घालून कागद निघतो. धाकट्यानं ऐकलं आणि गाडी घरी आणली.

नव्या मूळ कन्व्हर्टरची किंमत ऐकून आई खाली बसली. पगाराहून जास्त होती. धाकट्यानं सतरा इंची व्हील विकायला काढली. वाकडचा एक मुलगा बघायला आला, त्याच्याकडेही पोलोच. व्हील त्याला पसंत पडली, पण त्याची नजर भिंतीला टेकवलेल्या स्टेनलेसच्या डाउनपाइपवर होती. गाडीखालून तो आदल्याच दिवशी उतरवला होता. त्या मुलानं आपण होऊन भाव सांगितला. त्या पैशांत आणि व्हीलच्या पैशांत मिळून नवा कन्व्हर्टर जवळजवळ फिटत होता. खिशातून फार थोडं जाणार होतं.

धाकट्यानं ताईकडे पाहिलं. ताई भाजी निवडत होती, तिनं मान वर केली नाही.

"व्हील घेऊन जा," धाकटा म्हणाला. "तो नाही द्यायचा."

"का? दुसऱ्यानं जास्त सांगितले का?"

"नाही."

"मग पडून काय करणार त्याचं?"

धाकटा उठला, पुठ्ठ्याच्या डब्यातून लाल टॅग काढला आणि पाइपाला बांधला. दुसऱ्या दिवशी तो जवळच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात घेऊन गेला आणि ग्राइंडरनं मधोमध कापून घेतला. तुकडे स्टेनलेसच्या भावानं गेले, ग्राइंडिंगची मजुरीही पुरती सुटली नाही. नवा कन्व्हर्टर हप्त्यांवर आला, मागचा सेन्सर रीमॅपमध्ये परत सुरू झाला. पंधरा इंची व्हील पलंगाखालून निघाली. लोअरिंग स्प्रिंगा अजून गाडीलाच आहेत, त्या कधी उतरवायच्या यावर बहीण-भावाचं अजून एकमत झालेलं नाही. पीयूसीच्या कागदावर कार्बन मोनॉक्साइडपुढे ०.०२ छापून आलं.

वाकडच्या मुलाचा चार दिवसांनी फोन आला. व्हील बसवताना बोल्टची लांबी वेगळी निघाली होती. धाकट्यानं बोल्टचं माप सांगितलं, मग विचारलं, "तुझा डाउनपाइप अजून स्टॉकच आहे ना?"

"हो. पण एका गॅरेजवाल्याशी बोलणं झालंय, शनिवारी बदलतोय. जुना तोच घेतो म्हणाला, वर पैसे देतोय."

"किती?"

"अकरा."

"शनिवारच्या आधी एकदा दिघीला ये," धाकटा म्हणाला. "गाडी घेऊनच ये. पार्किंगमध्ये लावू आणि मागं उभं राहू, आधी तुझ्या गाडीच्या, मग ज्यानं कन्व्हर्टर आधीच काढलाय अशा एका मित्राच्या. मग तूच ठरव."

तो शुक्रवारी रात्री आला.