सचोटीचा गणवेष

ढोंगाची चीड येणें हें सरळ मनाचें लक्षण खरें; पण तेवढ्यानें मनुष्य स्वतः निर्व्याज ठरतो काय?

१९७५ सालीं लंडनमध्यें जॉन लायडन नांवाचा एक तरुण ‘पिंक फ्लॉइड’ या विख्यात वाद्यवृंदाच्या नांवाचा सदरा घालून हिंडे. त्या नांवावर ‘मला तिटकारा आहे’ असें त्यानें लिहिलें होतें. त्याच वर्षीं तो ‘सेक्स पिस्टल्स’चा गायक झाला, आणि पुढें ‘पंक’ संगीताचा पंथ गाजूं लागला. लांबण लावलेलें, कसबी, यंत्रसज्ज संगीत म्हणजे श्रीमंती नाटक. गिटारीवर तीन स्वरमेळ आले तरी पुरे, गाणें मात्र मनांतलें हवें, ही या पंथाची प्रतिज्ञा.

ज्यांपाशीं ना पैसा ना तालीम, अशांना या बंडानें कंठ दिला, हें आम्ही मान्य करतों. परंतु लवकरच फाटका सदरा हाच गणवेष झाला, आणि किंग्ज रोडवर तो विकतहि मिळूं लागला. १९७७ सालीं ‘द क्लॅश’नें सीबीएस या बड्या कंपनीशीं करार करतांच पंथांतील कित्येकांनीं त्यांना बाटगे ठरविलें. त्यांचा गायक जो स्ट्रमर परराष्ट्रखात्यांतील अधिकाऱ्याचा पुत्र, म्हणून त्याचा संतापहि खोटा, असेंहि म्हटलें गेलें. जणूं अन्यायाची चीड कुळ पाहून येते!

पुष्कळ वर्षांनीं लायडननें पिंक फ्लॉइडचें संगीत आपणांस आवडतें अशी कबुली दिली. त्या सदऱ्यापेक्षां ही कबुलीच आम्हांस अधिक खरी वाटते. दुसऱ्याचा मुखवटा ओढणाऱ्यास टाळ्या मिळतात; स्वतःचा उतरविणाऱ्यास बहुधा त्यांस मुकावें लागतें.